१७८९ च्या जाहीरनाम्याचे उलटे वाचन: लॉक, मॉन्टेस्क्यू आणि रूसो समजून घेण्याची एक रीत

राज्यशास्त्राच्या कुठल्याही गाइडमध्ये एक तक्ता असतोच. लॉक म्हणजे नैसर्गिक हक्क, मॉन्टेस्क्यू म्हणजे सत्ताविभाजन, रूसो म्हणजे सामूहिक ईहा, व्हॉल्टेअर म्हणजे सहिष्णुता. तक्ता पाठ होतो, उत्तरपत्रिकेत उतरतो आणि पंधरा दिवसांत विसरला जातो. या माणसांचे भांडण कोणाशी होते, त्यांची वाक्ये कायद्यात कोणाच्या हातून गेली आणि जाताना किती बदलली, यातले काहीच तक्त्यात नसते.

इथे सुचवलेली रीत उलट दिशेने जाते. आधी कायद्याचा एक ठोस मजकूर हातात घ्यायचा: फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी पूर्ण केलेला ‘मानव आणि नागरिक यांच्या हक्कांचा जाहीरनामा’. मग त्यातल्या एकेका कलमावरून मागे जात तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतला नेमका उतारा शोधायचा. बुद्धीच्या आधारावर राज्याची नव्याने मांडणी करणारा विचार समाजात कसा उतरला, हे यातून प्रत्यक्ष दिसते. एमपीएससी-यूपीएससीचे विद्यार्थी, पदवीचे शिक्षक, चार-पाच जणांचे अभ्यासमंडळ, कोणालाही हे जमण्यासारखे आहे. आठवड्याला दोन तास दिले तर आठ आठवड्यांत पुरे होते.

आधी काय जमवावे

जाहीरनामा लहान आहे. एक प्रास्ताविक आणि १७ कलमे, अर्ध्या तासात दोनदा वाचून होतात. फ्रेंच येत नसले तरी फ्रेंच मजकूर भाषांतराच्या शेजारी ठेवा. वादाच्या जागी शब्दकोश उघडून एकेक शब्द ताडून पाहता येतो.

ग्रंथ मुख्यतः चार. जॉन लॉकचा ‘शासनावरील दुसरा प्रबंध’ (१६८९), मॉन्टेस्क्यूचा ‘कायद्यांचे मर्म’ (१७४८), रूसोचा ‘सामाजिक करार’ (१७६२) आणि इटालियन लेखक चेझारे बेक्कारियाचा ‘गुन्हे आणि शिक्षा’ (१७६४). चारही पूर्ण वाचायला बसू नका. मॉन्टेस्क्यूचेच ३१ भाग आहेत आणि बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या भागातच थांबतात. पुढे दिलेली प्रकरणे तेवढी वाचा, ती मात्र सलग.

नोंद करताना पान क्रमांक लिहू नका, कारण प्रत्येक आवृत्तीत तो वेगळा असतो. लॉकच्या दुसऱ्या प्रबंधात १९ प्रकरणे आणि २४३ क्रमांकित परिच्छेद आहेत, तेव्हा परिच्छेदाचा आकडा लिहा. रूसोचे ४ भाग आणि ४८ प्रकरणे आहेत. दुसऱ्या भागाचे सहावे प्रकरण ‘२.६’ असे नोंदवा. मॉन्टेस्क्यूचेही तसेच. बेक्कारियाच्या बाबतीत घोळ होतो. त्याचा फ्रेंच अनुवादक मोरेले याने प्रकरणांचा क्रमच बदलून टाकला आणि पुढची कित्येक भाषांतरे त्याच क्रमाने निघाली. म्हणून तिथे आकड्याबरोबर प्रकरणाचे नावही लिहा, नाहीतर दोन जण एकाच उताऱ्याबद्दल बोलत असूनही तो सापडणार नाही.

वहीत चार रकाने आखा: कलम, कलमातले नेमके शब्द, ग्रंथातला उतारा, आणि संबंध किती पक्का. चौथ्या रकान्यात तीनच शेरे ठेवा. शब्द जुळतात किंवा वाचल्याची लेखी नोंद आहे, तर ‘पक्का’. युक्तिवाद जुळतो आणि ग्रंथ त्या मंडळींच्या हाती असल्याचे माहीत आहे, तर ‘संभाव्य’. नुसता विचार सारखा वाटतो, तर ‘कच्चा’. हा रकाना गाळला तर सगळी मेहनत पुन्हा त्या गाइडच्या तक्त्यावर येऊन थांबते.

पहिले वाचन: कुठल्याही टीपेशिवाय

जाहीरनामा पहिल्यांदा वाचताना समास कोरे ठेवा. दुसऱ्यांदा वाचताना कलमांचे गट करा. पहिले तीन पाया घालतात: माणसे हक्कांनी स्वतंत्र आणि समान जन्मतात, राज्याचा हेतू हक्कांचे रक्षण हा आहे, सार्वभौमत्व राष्ट्राकडे आहे. चौथे ते सहावे स्वातंत्र्य आणि कायदा यांचा संबंध सांगतात. सात ते नऊ अटक, शिक्षा आणि आरोपी यांविषयी. दहा-अकरा मते आणि मुद्रण. बारा ते पंधरा सार्वजनिक बळ, कर आणि हिशेब. सोळावे सत्ताविभाजन, सतरावे मालमत्ता.

इथेच दोन गोष्टी लक्षात येतील. दुसऱ्या कलमात हक्क चार मोजले आहेत: स्वातंत्र्य, मालमत्ता, सुरक्षितता आणि जुलमाचा प्रतिकार. समता या यादीत नाही. ती पहिल्या कलमात ‘हक्कांच्या बाबतीत’ अशा मर्यादेसह येते. आणि बंधुता तर सतराही कलमांत कुठेच नाही. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे त्रिसूत्र या जाहीरनाम्याच्या नावावर लिहिणारी उत्तरे दरवर्षी शेकड्यांनी तपासली जात असतील. ते फ्रेंच प्रजासत्ताकाचे अधिकृत ब्रीद झाले १८४८ मध्ये.

लॉक: दुसऱ्या, चौदाव्या आणि सतराव्या कलमासाठी

दुसऱ्या प्रबंधातली प्रकरणे या क्रमाने घ्या: २ (निसर्गावस्था), ५ (मालमत्ता), ९ (राज्याचे हेतू), ११ (कायदेमंडळाच्या मर्यादा), १९ (शासनाचे विसर्जन). सगळे मिळून शंभरच्या आसपास परिच्छेद होतात.

परिच्छेद १२३ वर थांबा. जीवित, स्वातंत्र्य आणि संपत्ती या तिन्हींना मिळून आपण ‘मालमत्ता’ म्हणतो, असे लॉक तिथे सांगतो. हे न वाचता थेट १२४ वर गेलात, जिथे मालमत्तेचे रक्षण हा राज्याचा मुख्य हेतू सांगितला आहे, तर लॉक हा केवळ जमीनदारांचा वकील वाटू लागतो. मात्र दुसरे टोकही गाठू नका. पाचव्या प्रकरणात तो शब्द बहुतेक ठिकाणी जमीन आणि वस्तू याच अर्थाने येतो. कुठे व्यापक आणि कुठे मर्यादित, हे परिच्छेदागणिक पाहावे लागते. जाहीरनाम्याच्या सतराव्या कलमातली ‘अनुल्लंघनीय आणि पवित्र’ मालमत्ता मर्यादित अर्थाची आहे. सार्वजनिक गरजेसाठी ती घ्यायची तर न्याय्य आणि आगाऊ भरपाईची अट कलमातच घातली आहे.

परिच्छेद १४० सांगतो की कर लावायचा तर संमती हवी, आणि ही संमती म्हणजे बहुसंख्याकांची, स्वतः किंवा निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत दिलेली. चौदाव्या कलमाशी हे छान जुळते. पण चौथ्या रकान्यात ‘पक्का’ लिहायची घाई नको. करासाठी संमतीची मागणी लॉकपेक्षा कितीतरी जुनी आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टातही ती आहे. शिवाय फ्रान्समध्ये ५ मे १७८९ ला त्रिवर्गीय सभा (धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन या तीन वर्गांची; हीच पुढे राष्ट्रीय सभा झाली) भरली, ती १६१४ नंतर पहिल्यांदा, आणि भरवावी लागली ती राजाची तिजोरी रिकामी झाल्यामुळे. करावर संमती हवी हे त्या सभासदांना शिकवायला लॉकची गरज नव्हती. इथे शेरा ‘संभाव्य’ इतकाच.

पक्का संबंध कसा दिसतो ते पाहायचे असेल तर परिच्छेद २२५ उघडा. बारीकसारीक चुकांसाठी लोक बंड करत नाहीत, पण एकाच दिशेने जाणाऱ्या अत्याचारांची लांबलचक मालिका दिसली की करतात, असा तिथला युक्तिवाद आहे. ‘अत्याचारांची लांबलचक मालिका’ हे इंग्रजी शब्द जसेच्या तसे ४ जुलै १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आहेत, आणि त्यामागोमाग ‘एकाच उद्दिष्टाने’ चालल्याची अटही आहे. दोन्ही उतारे शेजारी शेजारी लिहून काढा. असा जोड एकदा डोळ्यांनी पाहिला की बाकीच्या ठिकाणी ढिला जोड चटकन ओळखू येतो.

लॉकविषयी सर्रास होणारी चूक म्हणजे १६८८ ची इंग्लिश राज्यक्रांती झाल्यावर तिच्या समर्थनार्थ त्याने हा ग्रंथ लिहिला, हे विधान. प्रस्तावना तसे सुचवते खरी. पण पीटर लॅस्लेट या अभ्यासकाने १९६० च्या आवृत्तीत दाखवून दिले की मजकुराचा मोठा भाग त्याआधीच्या काळातला आहे, राजाचा कॅथलिक भाऊ जेम्स याला गादीपासून दूर ठेवण्याचा झगडा चालू होता तेव्हाचा. म्हणजे ग्रंथ लिहिला गेला तेव्हा तो झालेल्या क्रांतीचे समर्थन नव्हता, न झालेल्या क्रांतीची हाक होती, आणि पकडला गेला असता तर लेखकाच्या गळ्याशी आला असता. त्याने तो निनावी छापला आणि मृत्युपत्राच्या पुरवणीत १७०४ मध्ये कुठे कबूल केला. फ्रेंच वाचकांना मात्र १६९१ पासून फक्त दुसराच प्रबंध मिळत होता, कारण दाविद माझेलने तेवढ्याचेच भाषांतर केले होते. राजाचा अधिकार आदमपासून वारशाने आला हे मत खोडून काढणारा पहिला प्रबंध त्यात नव्हता.

मॉन्टेस्क्यू: एका प्रकरणासाठी दोन तास

सोळावे कलम एका वाक्याचे आहे: ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तांचे विभाजन ठरलेले नाही, त्या समाजाला संविधान नाही. यामागे ११.६ हे प्रकरण आहे, ‘इंग्लंडच्या संविधानाविषयी’. आधी ११.४ वाचा, दोन परिच्छेदांचे आहे. सत्ता हाती आलेला प्रत्येक माणूस तिचा गैरवापर करत पुढे जातो आणि अडवणारे काही भेटेपर्यंत थांबत नाही, म्हणून सत्तेनेच सत्तेला रोखेल अशी रचना हवी. सबंध ग्रंथातला हा कणा आहे.

११.६ चा पहिलाच परिच्छेद अडवतो. तिथे तीन सत्ता अशा दिल्या आहेत: कायदे करण्याची, आंतरराष्ट्रीय व्यवहारांची, आणि नागरी कायद्याखालच्या बाबींची अंमलबजावणी. न्यायसत्ता हे नाव तिथे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्तेचे वर्णन पुढच्या परिच्छेदात तो करतो आणि तिसरीला ‘निवाडा करण्याची सत्ता’ म्हणतो. पुढे कार्यकारी सत्तेची व्याख्या आणखी सरकते आणि ती सार्वजनिक निर्णयांची अंमलबजावणी करणारी सत्ता होते. वाचताना समासात १, २, ३ असे आकडे टाकत गेलात तर गोंधळ होत नाही.

मग दोन प्रश्न स्वतःला विचारून उत्तरे मजकुरातूनच काढा. पहिला: मॉन्टेस्क्यूला तिन्ही सत्ता पूर्ण वेगळ्या हव्या आहेत का? नाही. राजाला तो कायदे अडवण्याचा अधिकार देतो, कायदेमंडळाला अंमलबजावणी तपासण्याचा. जेम्स मॅडिसनने १७८८ मध्ये अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ निघालेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या ४७ व्या लेखात नेमके हेच स्पष्ट केले: एका खात्याची सबंध सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांच्याच हाती दुसऱ्याचीही सबंध सत्ता गेली तर धोका, थोडीफार सरमिसळ चालते. दुसरा प्रश्न: न्यायालयाने कायदा रद्द करावा, असे तो कुठे म्हणतो का? तेही नाही. न्यायाधीश हे त्याच्या मते कायद्याचे शब्द उच्चारणारे मुख आहेत, आणि तिन्हींत ही सत्ता जवळजवळ नसल्यासारखी आहे. कायमची न्यायालयेही त्याला नको आहेत. लोकांमधून काही काळापुरती माणसे निवडावीत, असे तो म्हणतो. न्यायालयीन पुनर्विलोकन मॉन्टेस्क्यूच्या खात्यावर टाकणारी उत्तरे इथे चुकतात.

सभेने तत्त्व उचलले आणि संस्था नाकारली, हेही नोंदवा. ११.६ मध्ये सरदारांचे वंशपरंपरागत वरिष्ठ सभागृह आहे. सोळावे कलम मंजूर झाल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, १० सप्टेंबर १७८९ ला, दुसरे सभागृह फेटाळले गेले. ज्या लोकांनी नुकतेच सरदारांचे विशेषाधिकार काढून घेतले होते ते त्यांना वेगळे सभागृह कशाला देतील?

याच ग्रंथात आशियाविषयी जे आहे तेही वाचले पाहिजे. १४ व्या भागात हवामानावरून स्वभाव आणि स्वभावावरून राज्यपद्धती काढताना आशिया म्हणजे निरंकुश सत्तेचा प्रदेश असे चित्र उभे राहते. मॉन्टेस्क्यू भारतात कधी आला नव्हता. सारे प्रवासवर्णनांवरून चालले होते. त्याला सणसणीत उत्तर दिले फ्रेंच प्राच्यविद्यापंडित आंकेतिल-द्युपेराँने. तो १७५५ ते १७६१ भारतात होता, सुरतेला राहून पारशी दस्तुरांकडे शिकला, मराठ्यांच्या मुलखातून फिरला. १७७८ च्या ‘पौर्वात्य विधिव्यवस्था’ या ग्रंथात त्याने दाखवले की तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानात लिखित कायदा राजालाही बांधतो आणि खाजगी मालमत्ता मानली जाते. बुद्धिवादी परंपरेतल्याच एका माणसाने पुराव्यानिशी दुसऱ्याची चूक काढली. मॉन्टेस्क्यूचे आशियाविषयीचे उतारे वर्गात शिकवताना आंकेतिल वगळला तर शिकवणे अर्धवट राहते.

रूसो आणि सहावे कलम

इथे घाई करू नका. आठपैकी दोन आठवडे रूसोला द्या.

वाचायची प्रकरणे: १.६ ते १.८, २.१ ते २.४, २.६, आणि ३.१५. पहिले वाक्य, माणूस जन्मतः स्वतंत्र आणि सर्वत्र साखळदंडांत, सगळ्यांना ठाऊक असते. ते तिथेच ठेवा आणि पुढे जा, कारण रूसो साखळ्या तोडायला निघालेला नाही. त्या न्याय्य कशा ठरतील, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो पुढच्या दोन-तीन वाक्यांतच विचारलेला आहे.

२.३ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. सर्वांची इच्छा म्हणजे खाजगी हितांची बेरीज. सामूहिक ईहा म्हणजे सर्वांच्या सामाईक हिताकडे पाहणारी इच्छा. ही वेगळी केली नाहीत तर ‘रूसो म्हणजे बहुमत’ असे सरळसोट समीकरण होते आणि पुढचे काहीच लागत नाही. २.६ मध्ये तो म्हणतो की सबंध लोक सबंध लोकांसाठी ठरवतात तेव्हाच तो कायदा. कायदा विशेषाधिकार निर्माण करू शकेल, पण ते कोणा एका माणसाच्या नावावर करू शकत नाही.

आता सहावे कलम समोर घ्या. त्याचा मसुदा तालेराँचा, तेव्हा ओताँचा बिशप. पहिले वाक्य: कायदा ही सामूहिक ईहेची अभिव्यक्ती आहे. दुसरे: ती घडवण्यात भाग घेण्याचा हक्क सर्व नागरिकांना ‘स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधींमार्फत’ आहे. तिसरे: कायदा रक्षण करो वा शिक्षा करो, सर्वांना सारखाच असला पाहिजे.

पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याला २.६ जोडता येते. दुसऱ्या वाक्यातले ‘किंवा आपल्या प्रतिनिधींमार्फत’ एवढेच शब्द बोटाखाली धरा आणि ३.१५ उघडा. तिथे रूसो ठणकावतो की सार्वभौमत्वाचे प्रतिनिधित्व होऊ शकत नाही. इंग्रज लोकांना वाटते आपण स्वतंत्र आहोत, पण संसदेचे सभासद निवडण्यापुरतेच ते स्वतंत्र असतात, निवडणूक संपली की गुलाम. म्हणजे सहाव्या कलमाने रूसोचा सर्वांत महत्त्वाचा शब्द घेतला आणि त्याच वाक्यसमूहात त्याची सर्वांत कडक अट काढून टाकली. हे अज्ञानाने झाले नाही. कोट्यवधी लोकसंख्येच्या राज्यात सगळे नागरिक एका मैदानात जमणार नव्हते, आणि सभेला स्वतःच्या अधिकाराचे समर्थन करायचे होते. मतदारांनी सभासदांना दिलेल्या बंधनकारक सूचना सभेने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बाजूला सारल्या होत्या. विचार कायद्यात उतरताना काय होते याचा याहून बोलका नमुना या सतरा कलमांत नाही.

तरीही चौथ्या रकान्यात लगेच ‘पक्का’ नको. ‘सामूहिक ईहा’ हा शब्दप्रयोग एकट्या रूसोचा नाही. दिदरोने स्वतः संपादित केलेल्या फ्रेंच विश्वकोशाच्या पाचव्या खंडात (१७५५) ‘नैसर्गिक हक्क’ या नोंदीत तो वापरला आहे, आणि त्याच खंडात रूसोची ‘राजकीय अर्थव्यवस्था’ ही नोंद आहे. दिदरोकडे ही ईहा सबंध मानवजातीची, रूसोकडे एका राज्याच्या नागरिकांची. सहावे कलम कायद्याविषयी आणि नागरिकांविषयी बोलते, म्हणून ते रूसोच्या बाजूला झुकते. एवढे कारण लिहा आणि मगच शेरा द्या.

अटक, शिक्षा, मत: सात ते अकरा

बेक्कारियाचा ग्रंथ लहान आहे. ‘छळ’ आणि ‘देहांतशिक्षा’ ही दोन प्रकरणे आणि शेवटचा निष्कर्ष वाचला तरी पुरते. निष्कर्ष एका वाक्यात आहे: शिक्षा सार्वजनिक, तत्पर, आवश्यक, परिस्थितीत शक्य तितकी कमी, गुन्ह्याच्या प्रमाणात आणि कायद्याने ठरलेली असावी. आठव्या कलमात ‘काटेकोरपणे आणि उघडपणे आवश्यक’ अशाच शिक्षा आणि आधी केलेला कायदा या दोन अटी आहेत. छळाच्या प्रकरणातले, निकाल लागेपर्यंत माणसाला गुन्हेगार म्हणता येत नाही हे वाक्य नवव्या कलमाशी ताडा. इथे शेरा धीटपणे द्यायला हरकत नाही. व्हॉल्टेअरने १७६६ मध्ये या ग्रंथावर भाष्य लिहिले आणि तो फ्रान्समध्ये भरपूर वाचला गेला. परिणाम जाहीरनाम्याआधीच सुरू झाले होते. कबुलीसाठी छळ फ्रान्समध्ये १७८० मध्ये रद्द झाला, तस्कनीने १७८६ मध्ये देहांतशिक्षाच काढून टाकली.

दहाव्या कलमासाठी व्हॉल्टेअरचा ‘सहिष्णुतेवरील निबंध’ (१७६३) घ्या, पण त्याआधी प्रकरण समजून घ्या. तूलूझचा प्रोटेस्टंट कापडव्यापारी झाँ कालास याने मुलगा कॅथलिक होणार म्हणून त्याला मारले, असा आरोप ठेवून १० मार्च १७६२ रोजी त्याला चाकावर हाडे मोडून ठार केले. व्हॉल्टेअरने पत्रे, पुस्तिका, ओळखी सगळे पणाला लावले आणि मार्च १७६५ मध्ये कालास निर्दोष ठरला. दहावे कलम म्हणते, मतांसाठी, ‘धार्मिक मतांसाठीसुद्धा’, कोणाला त्रास होऊ नये, सार्वजनिक सुव्यवस्था बिघडत नसेल तर. ते ‘सुद्धा’ आणि ती शर्त वाचून हे कलम तडजोडीचे आहे हे कळते. सभागृहात प्रोटेस्टंट पाद्री राबो सेंत-एतियेनने सांगितले होते की आम्हाला सहिष्णुता नको, स्वातंत्र्य हवे. व्हॉल्टेअरचा शब्द तोवर अपुरा पडू लागला होता.

मधली माणसे

ग्रंथापासून कलमापर्यंत सरळ रेघ ओढू नका. ११ जुलै १७८९ ला पहिला मसुदा मांडला लाफायेतने, जो अमेरिकेच्या युद्धात लढून आला होता, आणि मसुद्यावर त्याने सल्ला घेतला होता पॅरिसमधले अमेरिकेचे राजदूत थॉमस जेफरसन यांचा. म्हणून लॉक फ्रान्सला थेट भाषांतरातूनही आला आणि अमेरिकेला वळसा घालूनही. जून १७७६ चा व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा शेजारी ठेवलात तर कोणता जोड लंडनहून आणि कोणता व्हर्जिनियाहून, हे बरेचसे वेगळे करता येते.

‘माणूस’ या शब्दात कोण बसले नाही

आता एक पाचवा रकाना आखा: कलम कोणाला लागू झाले नाही. डिसेंबर १७८९ च्या कायद्याने तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणाऱ्या, २५ वर्षांवरील पुरुषांनाच मत दिले; बाकीचे ‘निष्क्रिय’ नागरिक. सहाव्या कलमाची शाई अजून ओली होती.

स्त्रियांसाठी फ्रेंच लेखिका ओलँप द गूजचा सप्टेंबर १७९१ चा स्त्री-हक्कांचा जाहीरनामा १७८९ च्या शेजारी कलमाला कलम लावून वाचा. तिनेही मुद्दाम १७ च कलमे ठेवली. दहाव्यात ती म्हणते, स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिचा शिरच्छेद झाला. इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने ‘स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन’ हा १७९२ चा ग्रंथ अर्पण केला तो तालेराँला, सहाव्या कलमाच्या लेखकाला, कारण त्याच्या शिक्षणविषयक अहवालात मुली मागे ठेवल्या होत्या. तिच्या पाचव्या प्रकरणात रूसोची स्त्रीविषयक मते खोडली आहेत, आणि हत्यार तेच: बुद्धी जर माणसाचे लक्षण असेल तर ती अर्ध्या माणसांना नाकारता येत नाही.

गुलामगिरीबाबत दोन जागी फसगत होते. मॉन्टेस्क्यूचे १५.५ हे प्रकरण वरवर गुलामगिरीचे समर्थन वाटते. ते उपरोधाने लिहिले आहे. समर्थकांचे तर्क तो इतके ताणतो की ते आपोआप कोसळतात. लॉकचे मात्र तसे नाही. दुसऱ्या प्रबंधात तो स्वातंत्र्याची बाजू मांडतो आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे भाग होते. दोन्ही गोष्टी वहीत लिहा, एकीने दुसरी पुसू नका. जाहीरनाम्यातला ‘माणूस’ हा शब्द अक्षरशः खरा करून दाखवला तो कॅरिबियन समुद्रातल्या सें-दोमिंग या फ्रेंच वसाहतीच्या गुलामांनी: ऑगस्ट १७९१ चा उठाव, फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रान्सने जाहीर केलेली मुक्ती, १८०२ मध्ये बोनापार्टने गुलामगिरी पुन्हा आणली तिच्याशी लढा, आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र हैती.

हीच रीत पुण्यापर्यंत न्यायची तर

शेवटच्या आठवड्यात वही उलट्या बाजूने चालवून पाहा. थॉमस पेनच्या ‘मानवाचे हक्क’ या ग्रंथाच्या १७९१ च्या पहिल्या भागात फ्रेंच जाहीरनाम्याची सतराही कलमे इंग्रजीत दिली आहेत. जोतीराव फुले यांनी हा ग्रंथ १८४७ च्या सुमारास वाचला. म्हणजे व्हर्सायमध्ये मंजूर झालेला मजकूर पुण्यात कोणत्या वाटेने आला, ते सांगता येते. आता ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ (१८९१) घ्या आणि त्यातले सत्यवर्तनाचे ३३ नियम पहिल्या, दहाव्या आणि अकराव्या कलमांसमोर ठेवा. माणूस जन्मतः स्वतंत्र, हक्क सर्वांना सारखे, मत मांडण्याची मोकळीक: जोड दिसतात. पण फरक अधिक मोलाचा आहे. फुले ‘स्त्री अथवा पुरुष’ असे स्पष्ट लिहितात, आणि हक्क देणारा त्यांच्याकडे निर्मीक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, आहे, राष्ट्र नाही. शेरा ‘पक्का’ द्या आणि त्याच ओळीत हा बदल नोंदवा.

बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत मात्र सावध राहा. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द पाहून फ्रेंच क्रांतीशी रेघ ओढण्याचा मोह फार होतो. ऑक्टोबर १९५४ मधल्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वतःच सांगितले आहे की आपले समाजविषयक तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे, पण ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही. त्याची मुळे धर्मात आहेत, बुद्धाच्या शिकवणीत आहेत. शब्द जुळतात आणि लेखक स्वतः तो स्रोत नाकारतो, अशा ठिकाणी चौथ्या रकान्यात तिन्हींपैकी एकही शेरा लिहायचा नाही. लेखकाचे म्हणणे तारखेसह उतरवायचे आणि पुढची शोधाशोध त्याने दाखवलेल्या दिशेने, बौद्ध ग्रंथांत, सुरू करायची.